चित्राबाहेर राहिलेला येरवडा

लंडनच्या टेट संग्रहालयात पुण्याच्या दरबाराचे एक मोठे तैलचित्र आहे. गादीवर कोवळ्या वयाचे सवाई माधवराव, जवळ नाना फडणवीस, भोवती दाटीवाटीने सरदार-मुत्सद्दी आणि मधोमध तहाचा कागद घेऊन आलेला कंपनीचा वकील सर चार्ल्स मॅलेट. हा तह १७९० सालचा, टिपूविरुद्धचा. चित्र मात्र १८०५ सालचे. ते रंगवणारा थॉमस डॅनियल त्या दरबारात नव्हता. ज्याच्या रेखाटनांवरून त्याने ते रंगवले तो स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला तोच मुळी १७९२ साली, तह होऊन दोन वर्षे उलटल्यावर. १७९५ मध्ये वेल्स वारला आणि त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले. पुढे मॅलेट विलायतेला परतला, त्याने वेल्सच्या मुलीशी लग्न केले आणि सासऱ्याची रेखाटने डॅनियलच्या हवाली करून आपल्या आयुष्यातला हा मोठा दिवस रंगवून घेतला.

चित्र उत्तम आहे, यात वाद नाही. पण ते पुरे झाले तो काळ ध्यानात घेतला की त्यामागचा हेतू उलगडतो. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून कंपनीची तैनाती फौज पत्करली होती. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला होता. ज्या राज्याशी बरोबरीच्या नात्याने तह केल्याचे हे चित्र, ते राज्य तोवर कंपनीच्या मुठीत जाऊ लागले होते. लंडनच्या प्रेक्षकाला दिसत होता तो भरला दरबार, राजीखुशीने दिला-घेतलेला कागद आणि त्या सगळ्यात उठून दिसणारा आपला माणूस. साम्राज्याला स्वतःचा इतिहास असाच आठवायला आवडतो. आधी मैत्री होती, आणि त्या मैत्रीत आपण सज्जनपणे वागलो, असे त्याला मानायचे असते. त्यासाठी बखरीपेक्षा चित्र जास्त उपयोगी पडते, कारण चित्राला कोणी उलटतपासणीला उभे करत नाही.

मी हे सांगतो आहे ते येरवड्यात बसून, आणि येरवड्याबद्दल बोलण्यासाठी. मॅलेटची रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावर होती. तिथून नदीच्या ओघाबरोबर कोसभर पूर्वेला आले की डाव्या काठावर येरवडा लागतो. पुण्याकडे पाहण्याची साम्राज्याची नजर या नदीकाठी घडली, आणि त्या नजरेने येरवड्याला कायम पलीकडचा काठ करून टाकले. आपल्या राष्ट्रवादी चित्रकलेनेही ही चूक दुरुस्त केली नाही. आज हा काठ डोळ्यांदेखत बदलतो आहे आणि त्याच्यावर हक्क सांगायला आपल्यापाशी एकही चित्र नाही, हे माझे म्हणणे आहे.

वेल्स येण्यापूर्वीच मॅलेटच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार होता. १७९० च्या नोव्हेंबरात त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. देवादिकांची वाहने आणि मिरवणुकीतले हत्ती काढण्यात मुरलेल्या परंपरेतला हा हात, पण इथे त्याने समोरच्या जनावराकडे नीट पाहून, त्याच्या कातडीच्या घड्या आणि अंगाचा बोजा समजून घेत रेघ ओढली. पुढे त्याने पर्वती काढली, वरच्या देवळांसकट. वेरूळची लेणी काढली. आपल्या गावाची टेकडी गोष्टीसाठी किंवा देवासाठी न काढता, ती आहे म्हणून काढणारा हा आपल्याला माहीत असलेल्या पहिल्या काही मराठी माणसांपैकी एक. आणि ही रेखाटने आज कुठे आहेत? अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात. मालक गेला तिकडे चित्रे गेली. स्वतःचा प्रदेश डोळे भरून पाहण्याची रीत आपल्याकडे आली ती नोकरीतून, आणि तिचे पहिले फळ दुसऱ्याच्या पेटीतून परदेशी गेले. पुण्यातल्या किती शाळांत गंगाराम तांबटाचे नाव घेतले जाते, याचा विचार केला तरी वाईट वाटते.

१८१७ साली या काठाने आपला सर्वांत मोठा दिवस पाहिला. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, संगमावरची रेसिडेन्सी जळाली. मग जनरल स्मिथची फौज आली आणि १६ नोव्हेंबरला येरवड्याच्या उताराने नदी ओलांडू लागली. बाजीराव निघून गेले. दुसऱ्या दिवशी शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण लागले. पेशवाईचा शेवट आपण शनिवारवाड्याशी जोडतो, पण पुण्याचा दरवाजा उघडला तो येरवड्याच्या पाण्यात. त्या उताराचे एखादे मराठी चित्र आपल्या मनात आहे का? माझ्या तरी नाही.

सत्ता आल्यावर साम्राज्याने दुसरे काम हाती घेतले. चित्रे काढवून घेण्याच्या पुढे जाऊन त्याने भूमीच चित्रासारखी मांडली. १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाईंच्या मोठ्या देणगीतून येरवड्याजवळ नदीवर बंधारा उभा राहिला. उद्देश पाण्याचा होता. पण अडवलेल्या पाण्याचा रुंद, संथ पट्टा तयार झाल्यावर दक्षिण काठाला बंडगार्डन ही बाग आली, संध्याकाळचा बँड आला, नावा आल्या, बोट क्लब आला. १८६९ साली दगडी कमानींचा फिट्झगेराल्ड पूल झाला, टोकांना दगडी सिंह बसवलेला. १८६८ मध्ये डेक्कन कॉलेज येरवड्याच्या बाजूला आपल्या नव्या गॉथिक इमारतीत गेले. जुन्या पोस्टकार्डांवरचे पुणे बघा: बंधारा, पूल, पाण्यातले प्रतिबिंब. इंग्लंडातल्या एखाद्या नदीकाठी सहज खपेल असे दृश्य दख्खनच्या काळ्या कातळावर तयार केले होते. घरापासून सहा हजार मैलांवर राहणाऱ्या साहेबाला ते हवेहवेसे वाटले तर नवल नाही.

मात्र या दृश्यात बसायची जागा एकाच बाजूला होती, बागेच्या. पाहणारा दक्षिण काठावर, पाहायचे ते उत्तर काठावर. येरवडा गाव, तिथली शेते, बाभळी, गुरे, नदीत धुणे धुणाऱ्या बाया ही सगळी त्या रम्य दृश्याची किनार झाली. त्यामागे, बागेतून दिसणार नाही अशा अंतरावर, तुरुंग बांधला गेला. बागेतल्या बाकावरून जे दिसायला नको ते पलीकडे, अशी गावाची वाटणीच झाली. कोठडीत घातलेली माणसे, मनाचा तोल गेलेली माणसे, सगळी पलीकडे. ‘येरवड्याला पाठवा’ असे आपण आजही थट्टेने म्हणतो. माझ्या मते त्या थट्टेची मुळे या वाटणीत आहेत, आणि ती थट्टा आता थांबवायला हवी.

ज्या जमशेटजींच्या पैशातून बंधारा झाला, त्यांच्याच एक लाखाच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. एकाच थैलीतून येरवड्याचे पाणी अडले आणि मराठी चित्रकारांच्या पिढ्यांना निसर्गचित्र शिकवणारी शाळा निघाली. तरी त्या शाळेतून बाहेर पडलेल्या हातांनी या पाण्याला आपल्या चित्रकलेत कायमची जागा मिळवून दिली नाही. हे का झाले, याचे उत्तर आपल्या राष्ट्रवादात शोधावे लागते.

पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. हा छापखाना म्हणजे मराठी राष्ट्रभावनेचा एक कारखानाच होता. रामपंचायतन, शिवाजी महाराज, पेशवाईतले पुरुष घराघरांत भिंतीवर लागले ते या रंगीत छापांमुळे. पारतंत्र्यातल्या समाजाला आधी आपले चेहरे हवे असतात, आणि ते मिळवण्यासाठी आपल्या माणसांनी जिवाचे रान केले. त्या चेहऱ्यांचा शोधसुद्धा साम्राज्यांच्या दप्तरांतूनच घ्यावा लागला, ही त्यातली वेदना. नाना फडणवीसांचा जो उंच, सडपातळ, विचारमग्न चेहरा आपण ओळखतो तो मुख्यतः वेल्सच्या चित्रांतून आला. शिवाजी महाराजांचे म्हणून भलत्याच माणसाचे चित्र प्रचारात होते. ते बाजूला सारून वा. सी. बेंद्रे यांनी डचांच्या ग्रंथातले चित्र शोधून काढले आणि १९३३ मध्ये ते पुण्यात लोकांपुढे आले. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

भूमीच्या बाबतीत मात्र याच राष्ट्रवादाने एकच गोष्ट निवडली: गड. टिळकांनी रायगडाच्या जीर्णोद्धाराची चळवळ उभारली, १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला, आणि सह्याद्रीचा कडा हे मराठी अस्मितेचे दृश्य ठरले. कॅलेंडरे, पाठ्यपुस्तकांची मुखपृष्ठे, नाटकांचे पडदे, सगळीकडे तोच कडा आणि तोच बुरूज. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. सव्वाशे वर्षे ते किल्ले मनात, भिंतीवर आणि कागदावर जागते ठेवले गेले होते, म्हणूनच तो दिवस आला. चित्राची ताकद ती हीच. पण इतिहास जिथे घडला तेवढीच भूमी आपली, बाकीची नुसती जमीन, असा एक हिशेब त्यातून नकळत पक्का झाला. नदी, माळ, वस्ती, पेठेबाहेरचे गाव यांना त्या हिशेबात जागा नव्हती.

अपवाद होते, आणि माझ्या लेखी ते अपवादच खरे मोठे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकले, नाव कमावले आणि परत गावी आले. शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि कोटितीर्थाचे तळे काढत राहिले. सकाळचे, दुपारचे, पावसाआधीचे. त्यात ना लढाई, ना राज्याभिषेक. पाणी, झाडे आणि उजेड. १९३१ मध्ये ते गेले. त्याच सुमारास, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईचे चित्रकार नव्या दिल्लीतल्या सरकारी इमारतींच्या भिंती भारतीय विषयांनी सजवत होते. धुरंधरांसारख्या समर्थ चित्रकाराचाही त्या कामाला हात लागला. साम्राज्याच्या राजधानीत भारतीय शैली झळकली याचा तेव्हा अभिमान वाटला असेल. मला विचाराल तर दिल्लीच्या त्या भिंतींपेक्षा कोटितीर्थाच्या एका लहान जलरंगात देश जास्त आहे. कारण आबालालांनी कोणाला दाखवण्यासाठी आपली भूमी सजवली नाही. ते तिच्याशेजारी राहिले.

निसर्गचित्र ही पद्धतच विलायती, मग तिच्यात देश कसला शोधता, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला आणि अजूनही घेतला जातो. मला तो पटत नाही. कादंबरीही आपल्याकडे त्याच वाटेने आली, आणि हरिभाऊ आपट्यांनी ती आपली केली. पद्धत कुठून आली यापेक्षा तिच्यातून कोण कोणाकडे पाहते, हा प्रश्न मोठा आहे. मॅलेटसाठी पर्वती काढणारा तांबट आणि स्वतःसाठी कोटितीर्थ काढणारे आबालाल यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर स्वातंत्र्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे आहे.

येरवड्याला असा आबालाल मिळाला नाही. वास्तविक राष्ट्राच्या इतिहासात येरवड्याइतकी भर घातलेली दुसरी जागा पुण्यात दाखवणे कठीण. गांधीजी १९२२ पासून इथे पुन्हा पुन्हा कैदेत होते. इथल्या तुरुंगातून त्यांनी लिहिलेल्या पत्रांवर ते ‘येरवडा मंदिर’ असा पत्ता घालत. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार, ज्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी सही केली, तो गांधीजींच्या याच तुरुंगातल्या उपोषणामुळे झाला. जवळचाच आगाखान पॅलेस १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बांधला. १९४२ च्या ऑगस्टपासून तिथे गांधीजी स्थानबद्ध होते. पहिल्याच आठवड्यात, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई तिथेच वारले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. पण या सगळ्या इतिहासाला भिंती आहेत. नंदलाल बोस यांच्या १९३० च्या त्या प्रसिद्ध लिनोकटमध्ये गांधीजी काठी घेऊन चालतात, मागे नुसता काळा रंग. दांडीचा समुद्र नाही, वाट नाही. राष्ट्राने गांधीजींना असे पार्श्वभूमीतून उचलून घेतले, आणि येरवडा हे एका कोठडीचे आणि एका राजवाड्याचे नाव होऊन राहिले. त्यांच्या मधली नदी, पलीकडची शेते, कैद्यांना भिंतीवरून दिसणारे आभाळ, हे कोणाचे चित्र झाले नाही.

चित्र असण्या-नसण्याने काय फरक पडतो, हे अमेरिकेत स्पष्ट दिसले. १८७१ च्या मोहिमेबरोबर थॉमस मोरान हा चित्रकार यलोस्टोनच्या प्रदेशात गेला. त्याची जलरंगचित्रे आणि सहकारी जॅक्सनची छायाचित्रे काँग्रेसच्या सभासदांना दाखवली गेली. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि मोरानने दरीचे केलेले भव्य तैलचित्र त्याच वर्षी काँग्रेसने दहा हजार डॉलरना विकत घेतले. चित्राने भूमी वाचवली. त्याच वेळी, माणसाचा स्पर्श न झालेली भूमी ही जी कल्पना अशा चित्रांनी रुजवली, तिच्यापायी तिथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या मूळ जमातींना पुढे बाहेर काढले गेले. चित्रात कोणाला घेतले आणि कोणाला वगळले यावर माणसांची घरे ठरतात, हे आपणही लक्षात ठेवायला हवे.

येरवड्यात हाच न्याय वेगळ्या रूपात दिसतो. मेट्रोचा मूळ मार्ग नगर रस्त्याने आगाखान पॅलेसवरून जाणार होता. पॅलेस हे केंद्राने संरक्षित केलेले राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक, त्याच्याभोवती शंभर मीटरांत बांधकामाला बंदी. म्हणून मार्ग वळला आणि कल्याणीनगरकडे, नदीकाठच्या सलीम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूने गेला. पक्षिप्रेमींनी हरकती घेतल्या, तरी २०२४ मध्ये मेट्रो त्याच मार्गाने रामवाडीला पोहोचली. राजवाडा राष्ट्राचा होता. काठावरची झाडे आणि तिथे उतरणारे पक्षी नुसते तिथे होते. मेट्रो नको असे मी म्हणत नाही, मी तिने प्रवास करतो. पण कोणत्या गोष्टीसाठी लोखंडी मार्ग वाकतो आणि कोणत्या गोष्टीसाठी वाकत नाही, हे पाहिले की आपल्या मनातल्या चित्रांची यादीच हाती येते.

आता नदीकाठ सुधारणेचा प्रकल्प आला आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठेचा मिळून ४४ किलोमीटरचा काठ त्यात आहे. ६ मार्च २०२२ ला त्याची पायाभरणी झाली आणि बंडगार्डनजवळचा टप्पा सर्वांत आधी हाती घेतला गेला. या प्रकल्पाची संगणकावर केलेली चित्रे सर्वांनी पाहिली आहेत: सरळ काठ, फरसबंदी, निळे पाणी, हातात हात घालून फिरणारी माणसे. मला ती पाहून बंडगार्डनची जुनी पोस्टकार्डे आठवतात. तेच संथ पाणी, तीच काठावरून न्याहाळण्याची हौस. पुण्याच्या नदीविषयी आज लोकांपुढे असलेले एकमेव ठळक चित्र हे आहे, आणि ते कंत्राटासाठी काढलेले आहे.

जुन्या पुलावर उभे राहून मी अलीकडे बराच वेळ खाली पाहिले. कमानीखालून येणारे पाणी काळपट, बंधाऱ्यावरून पडताना पांढरा फेस धरणारे. जलपर्णीचा हिरवा गालिचा एका कडेला अडकलेला, त्यावर दोन बगळे आणि शेवाळलेल्या दगडावर पंख पसरून बसलेला एक पाणकावळा. उत्तरेला नव्या भरावाची ताजी, लालसर माती आणि तिच्यातून डोके काढणारी एरंडाची रोपे. वास नाकाला झोंबणारा. हे दृश्य सुंदर नाही, आणि तरी ते रंगवण्याजोगे आहे. काळ्या पाण्यावर दुपारी चारच्या सुमारास जो तांब्यासारखा उजेड पडतो तो मी दुसऱ्या कुठल्या नदीवर पाहिलेला नाही.

हातात मोबाइल असताना चित्र कशाला, असे कोणी म्हणेल. फोटो काढायला क्षण पुरतो आणि तो विसरायलाही. चित्रकाराला त्या वासात तीन-चार तास बसावे लागते, काठावरच्या माणसांशी बोलावे लागते, कुठली गोष्ट ठेवायची आणि कुठली गाळायची हे ठरवावे लागते. बसणे आणि ठरवणे म्हणजेच हक्क सांगणे. मॅलेटने ते काम पैसे देऊन करून घेतले. आबालालांनी ते स्वतः केले.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डेक्कन कॉलेजच्या आवारात मराठ्यांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. साताऱ्याहून १९३९ मध्ये आलेल्या संग्रहावर ते उभे आहे. तांबटाच्या पर्वतीची आणि गेंड्याची, डॅनियलच्या दरबाराची उत्तम प्रतीची छापील चित्रे त्याने मागवावीत आणि येरवड्यातल्या मुलांना दाखवावीत. महापालिकेने नदीकाठाच्या खर्चातला अगदी थोडा भाग चित्रकारांसाठी बाजूला काढावा आणि काम सुरू असतानाच त्यांना काठावर बसवावे, काम संपल्यावर उद्‌घाटनाला बोलावू नये. आणि पुण्यातल्या चित्रकारांनो, कलामहाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनो, रविवारी सकाळी पेठांतले वाडे आणि पर्वती रंगवायला तुम्ही जाता, ते जरूर करा. पण येत्या पावसाळ्याआधी एकदा बंडगार्डनचा पूल ओलांडून उत्तरेच्या काठावर या, पाठ येरवड्याच्या वस्तीकडे आणि तोंड नदीकडे करून बसा, आणि काठावर राहणाऱ्या माणसांना चित्रात घ्या.